घर बांधण्याआधी लोक आम्हाला विचारतात ते प्रश्न

साताऱ्यात आमचं छोटं ऑफिस आहे. तीन आर्किटेक्ट, एक सिव्हिल इंजिनीअर, आणि ज्यांच्याशिवाय आमचं एकही काम उभं राहत नाही असे पाच-सहा गवंडी-सुतार. घरं, शाळेच्या खोल्या, अंगणवाड्या, समाजमंदिरं आणि जुन्या वाड्यांची दुरुस्ती ही आमची कामं. फोनवर, साइटवर, कधी लग्नाच्या पंगतीतसुद्धा तेच तेच प्रश्न येतात. प्रश्न रास्त असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहोत.

तुम्ही मातीची घरं बांधता ना?

मातीचीही बांधतो. पण साहित्य कोणतं, हे आम्ही नंतर ठरवतो. आधी विचारतो ते हे: दहा वर्षांनी हे घर दुरुस्त कोण करणार? गावातला गवंडी आणि घरातली माणसं मिळून करू शकत असतील, तर साहित्य योग्य. त्यासाठी पुण्याहून कुणाला बोलवावं लागणार असेल, तर ते कितीही पर्यावरणस्नेही म्हणवलं जात असलं तरी आम्ही दोनदा विचार करतो.

या एका प्रश्नातून बाकीचं बरंच आपोआप ठरतं. राजापूर-देवगडकडे चिरा, म्हणजे जांभा दगड, मिळतो आणि तो लावणारे हातही मिळतात, तर तिथं चिऱ्याचं घर. घाटावर काळा दगड आणि पांढरी माती. सिंधुदुर्गात माणगा बांबू परसात उभा असतो. आर्किटेक्ट लॉरी बेकर १९१७ मध्ये बर्मिंगहॅमला जन्मले आणि पुढे केरळचेच झाले. गांधीजींशी झालेल्या भेटीची एक आठवण ते सांगत: घराला लागणारं सामान ५ मैलांच्या आतलं असावं, असं गांधीजी त्यांना म्हणाले होते. आज ५ मैल जमतातच असं नाही. तरी नकाशावर साइटभोवती वर्तुळ काढून आत काय काय सापडतं ते लिहून काढायची सवय आम्ही सोडलेली नाही.

दुरुस्तीवर एवढा भर का?

कारण एकदा आम्ही चुकलो. एका वस्तीवरच्या अंगणवाडीला आम्ही मधल्या आसावर फिरणारी बांबूची झडप केली होती. उजेड, वारा, दिसायला सुरेख. तिचा बोल्ट मात्र खास करून घेतलेला, तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात न मिळणारा. दोन पावसाळ्यांनी गेलो तेव्हा बोल्ट गंजून मोडलेला होता. सेविकाताईंनी झडप नायलॉनच्या दोरीने खिडकीला बांधून टाकली होती आणि वरून वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स लावला होता. मुलं अंधारात बसली होती. ताईंनी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही, आणि तेच जास्त लागलं. आता प्रत्येक बिजागरी, प्रत्येक कडी जवळच्या बाजारात मिळते ना, हे बघूनच आम्ही ती नकाशात घेतो.

पावसात मातीची भिंत विरघळणार नाही का?

भिजत राहिली तर विरघळेल. म्हणून सगळी मेहनत ती भिजू नये यासाठी करायची. दगडी जोतं किमान दीड-दोन फूट उंच हवं, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही आणि पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून उडालं तरी भिंतीपर्यंत पोचत नाही. छप्पर भिंतीच्या बाहेर दोन-तीन फूट आलेलं हवं. ज्या बाजूने पाऊस झोडपतो तिथं पडवी काढायची. कोकणात पावसाळ्याआधी पडवीला झावळ्यांची झापं बांधतात, ती याच कारणाने. मुरूड-हर्णैच्या पावसात उभी असलेली शंभर वर्षांची मातीची घरं बघा. त्यांच्या भिंतींना पाऊस लागतच नाही.

कुठलीही माती चालते का?

नाही. आणि याचं उत्तर आपल्या भाषेतच बसलेलं आहे. घाटावर शेतजमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. काळी पिकवण्यासाठी, पांढरी राहण्यासाठी. काळी माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की भेगाळते. उन्हाळ्यात तिच्या भेगेत अख्खी काठी जाते. अशा मातीची भिंत टिकत नाही, आणि तिच्यावर टाकलेला उथळ पायाही टिकत नाही. नवीन बंगल्याच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेलेली दिसली, तर बहुतेक वेळा खाली काळी असते. काळ्या रानात घर घ्यायचंच असेल तर मुरूम लागेपर्यंत खाली जायचं किंवा पायलिंगचा, म्हणजे जमिनीत खोल खांब उतरवायचा, खर्च धरायचा. तिसरा मार्ग आम्हाला ठाऊक नाही.

माती तपासायला सुरुवातीलाच प्रयोगशाळा लागत नाही. काचेची बरणी एक तृतीयांश मातीने भरा, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घाला, खळखळून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, तिच्यावर गाळ, आणि चिकणमाती सगळ्यात शेवटी, कधी दुसऱ्या दिवशी. थरांकडे बघून कळतं की वाळू घालावी लागेल, भुसा-गवत घालावं लागेल की ही माती सोडूनच द्यावी लागेल. आमचे मुख्य मिस्त्री बरणीआधी दुसरंच करतात. माती ओली करून तळव्यावर चोळतात आणि हात धुतात. पाण्याने लगेच सुटली तर वाळूची, चिकटून राहिली तर चिकण. बरणीचा निकाल त्यांच्या तळहातापेक्षा वेगळा आलेला आम्ही फारसा पाहिलेला नाही.

म्हणजे सिमेंट अजिबात वापरत नाही?

वापरतो. पाण्याच्या टाकीला, संडास-बाथरूमला, भूकंपाच्या पट्ट्यांना. जिथं त्याची गरज आहे तिथं सिमेंटइतकं कामाचं दुसरं साहित्य नाही. पण जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा ७ ते ८ टक्के आहे, त्यामुळे जिथं गरज नाही तिथं एक पोतंही जास्त उघडू नये असं आम्हाला वाटतं.

आणि एका जागी ते उघड नुकसान करतं: जुन्या मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर. वाईजवळच्या एका घरात मालकांनी मोठ्या हौसेने आतल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. चार वर्षांनी ‘भिंत घाम गाळते’ म्हणून आम्हाला बोलावलं. मिस्त्रींनी बोटाच्या पेराने भिंत ठोकत नेली. एका जागी आवाज पोकळ आला. तिथं छिन्नी लावली तर हातभर पापुद्रा अख्खा सुटून आला आणि मागे पांढरी माती लोण्यासारखी ओली. मातीची भिंत श्वास घेते, आतली ओल हवेत सोडते. वरून सिमेंट बसलं की ती ओल कोंडते आणि भिंत आतून सडते. आम्ही सगळा गिलावा काढला, एक उन्हाळा भिंत तशीच वाळू दिली आणि मग चुन्याने गिलावा केला.

चुन्याला वेळ लागतो. तो मुरवावा लागतो, मळावा लागतो. जुन्या लोकांनी त्यात भाजलेल्या विटेची सुर्खी, गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असं बरंच काही वापरलं. किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्याचा गोल चर आणि दगडी चाक आजही दिसतं. पुढच्या वेळी गेलात तर त्याच्याजवळ थोडं थांबा.

भूकंपाचं काय? किल्लारीला मातीदगडाचीच घरं पडली ना?

हो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसं झोपली असताना. हा प्रश्न आम्ही कधीच हसण्यावारी नेत नाही. तिथल्या अनेक भिंती दोन-तीन फूट जाड होत्या, पण आतून एक दगडी पदर, बाहेरून दुसरा, आणि मध्ये माती नि कपच्यांची भर. दोन्ही पदरांना बांधणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड नव्हते. डोक्यावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, तेही दर काही वर्षांनी माती टाकून टाकून जड झालेलं. धक्का बसला तसे पदर फाकले आणि वरची सगळी माती माणसांवर आली. जिथं छप्पर चांगल्या लाकडी खांबांवर तोललेलं होतं, तिथं भिंत पडूनही छप्पर उभं राहिल्याची उदाहरणं आहेत.

यातून ‘माती वाईट’ एवढाच धडा घेतला गेला, याचं वाईट वाटतं. खरा धडा बांधणीचा होता: आरपार दगड, कोपऱ्यांची सांधणी, जोत्याला, खिडक्यांच्या माथ्याला आणि छपराखाली आडवे पट्टे, आणि हलकं छप्पर. मातीच्या इमारतींसाठी आयएस १३८२७ आणि कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी आयएस १३८२८ ही भारतीय मानकं आहेत. आमचं प्रत्येक काम ती समोर ठेवून होतं आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या सहीशिवाय पाया खणला जात नाही.

किल्लारीने आणखी एक गोष्ट शिकवली. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. पुष्कळ ठिकाणी सरळ रस्ते, सारख्या रांगा, सारखी घरं. भावकी विखुरली, गुरं बांधायला जागा उरली नाही, दारासमोरचा पार गेला. घर मजबूत मिळालं तरी गाव मिळायला वर्षं लागली. नकाशा काढण्याआधी लोकांना विचारायचं, हा आमचा आग्रह तिथून आला.

वाळवी?

लाकूड जमिनीला टेकू द्यायचं नाही, हा अर्धा इलाज. उरलेला अर्धा: काजूच्या टरफलाचं तेल, बोरॅक्स-बोरिकच्या द्रावणात मुरवलेला बांबू, आणि वर्षातून एकदा जोत्याभोवती कंदील घेऊन फिरणारा घरचा माणूस. बांबू तीन वर्षांचा तरी झालेला हवा आणि हिवाळ्यात तोडलेला हवा, कारण तेव्हा त्यात किडीला आवडणारी साखर कमी असते.

एसी लागणार नाही याची खात्री देता का?

घाटावर बऱ्याचदा देता येते, कोकणात देत नाही. घाटावर दिवस कडक आणि रात्र गार. जाड भिंत दिवसाची उष्णता कित्येक तास अडवून धरते आणि रात्री सोडून देते. कोकणात रात्रही दमट. तिथं जाड भिंतीचा तेवढा उपयोग नाही. तिथं उंच छप्पर, समोरासमोर खिडक्या, भरपूर सावली आणि वाहता वारा हवा. सोलापूरच्या घराचा नकाशा मालवणला नेऊन बांधू नये. दोन्हीकडे पश्चिमेच्या भिंतीला मात्र जपा. तिथं झाड लावा, पडवी काढा, निदान संडास-कोठी त्या बाजूला ढकला.

हे स्वस्त पडतं का?

कधी कधी. आमच्या कामात पैसा साहित्यापेक्षा मजुरीत जास्त जातो, त्यामुळे जिथं कारागीर महाग तिथं खर्च नेहमीच्या घराइतकाच येतो. बचत होते ती बारीकसारीक निर्णयांत. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची रॅट ट्रॅप पद्धत बेकरांनी रुळवली, तिच्यात साधारण पाव हिस्सा विटा वाचतात. जुनी मंगलोरी कौलं स्लॅबमध्ये भरली तर काँक्रीट कमी लागतं. वाड्यातून निघालेले सागवानी दरवाजे मिळाले तर ते घ्यायचे. पण स्वस्त म्हणून आमच्याकडे येऊ नका, निराश व्हाल. पैसा गावातल्या हातांत राहावा असं वाटत असेल तर जरूर या.

बँक कर्ज देते का? घरकुलात बसतं का?

मातीच्या भिंतीचं नाव काढलं की काही शाखा फाइल परत करतात, काही मंजूर करतात. मंजूर नकाशा, इंजिनीअरचं स्थैर्य प्रमाणपत्र आणि साहित्याचे चाचणी अहवाल आम्ही देतो. तरीही दोन-तीन महिने हातात धरा आणि कर्जाचा होकार येईपर्यंत जुनं घर पाडू नका.

घरकुलाची गोष्ट आम्हाला जास्त जवळची. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटरचं घर आणि सपाट प्रदेशात केंद्राच्या निकषाप्रमाणे १ लाख २० हजार रुपये हप्त्यांनी मिळतात. एवढ्यात आरसीसीची पेटी बांधायला गेलं की हप्ते संपतात आणि छप्पर राहतं, किंवा सावकार येतो. गावचा दगड, चांगली वीट, कौलं आणि घरच्यांचे हात असतील तर घर पुरं होतं आणि पुढे पडवी काढायला वावही राहतो. घरकुलाच्या नकाशांना आम्ही फी घेत नाही.

सगळं गाव मिळून ठरवणार म्हणजे भांडणंच होणार ना?

होतात. होऊ द्यावीत. नकाशावरचं भांडण खडूने मिटतं, भिंत उभी राहिल्यावरचं कोर्टात जातं.

आमची पद्धत साधी आहे. देवळातल्या बैठकीत पुरुष बोलतात, बायका दाराशी उभ्या राहतात. म्हणून बायकांची बैठक दुपारी, भांडी-धुणी आटोपल्यावर, वेगळी घेतो. मुलांना कागद-रंग देतो. आणि कागदावरचा नकाशा कुणालाही समजतो असं कधी धरत नाही. प्रत्यक्ष जागेवर फक्कीने खोल्या आखतो, खऱ्या मापाच्या, आणि लोकांना आत फिरायला सांगतो. चूल कुठे, हंडे कुठे, दार उघडल्यावर कोण दिसतं.

एका समाजमंदिराचं असंच आखून झालं होतं. ओटा आम्ही पूर्वेला घेतला होता, सकाळचं ऊन म्हणून. एक आजी आल्या, फक्कीच्या रेघेच्या आत मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, “हितनं यष्टी येताना दिसत न्हाई.” आम्हाला कळेना. मग शेजारणींनी सांगितलं: संध्याकाळची एसटी वळणावर दिसली की म्हाताऱ्या उठतात, कारण तिच्यातून शाळेची पोरं उतरतात. ओटा उत्तरेला गेला. आज त्या इमारतीत सगळ्यात जास्त वापर त्या ओट्याचाच होतो.

प्रत्येक वस्तीत मात्र बैठक घेऊन भागत नाही. रायगडातल्या कित्येक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर उभ्या आहेत. तिथं पहिला प्रश्न सातबाऱ्याचा. जागा नावावर नसताना पक्कं घर बांधायला सांगणं म्हणजे त्या कुटुंबाची पुंजी टांगणीला लावणं. अशा वेळी नकाशा बाजूला ठेवून आम्ही आधी तलाठ्याच्या ऑफिसात जातो.

शहरातल्या छोट्या प्लॉटवर हे जमतं का?

जमतं, आणि त्याचे दाखले आपल्याच राज्यात आहेत. नवी मुंबईत बेलापूरला आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी आर्टिस्ट्स व्हिलेज केलं, १९८० च्या दशकात, सिडकोसाठी. सात घरांचा एक घोळका, मध्ये साधारण ८ बाय ८ मीटरचं अंगण. असे तीन घोळके मिळून पुन्हा एक मोठं अंगण. प्रत्येक घर सुटं, सामाईक भिंत नाही, म्हणजे शेजाऱ्याची परवानगी न मागता ज्याला जमेल तसं त्याने वाढवावं. लोकांनी वाढवलंच, काहींनी मूळ घर ओळखूही येणार नाही इतकं. काही आर्किटेक्टना त्याचं दुःख होतं. आम्हाला तिथं फिरताना बरं वाटतं, कारण अंगणं अजून आहेत आणि मुलं त्यात खेळतात.

पुण्यात जन्मलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरला अरण्य वसाहतीत हेच वेगळ्या तऱ्हेने केलं. गरिबातल्या गरीब कुटुंबाला जोतं, नळ, संडास आणि जेमतेम एक खोली दिली. पुढचं घर त्यांनी त्यांच्या ऐपतीने बांधावं. १९९५ मध्ये त्या कामाला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

तुमच्या ३० बाय ४० च्या प्लॉटवर आम्ही एवढंच मागतो: सगळा प्लॉट भरू नका, रस्त्याकडे बसायला एक कट्टा ठेवा, आणि छपराचं पाणी गटारात सोडू नका. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. साताऱ्यासारख्या गावी हजार चौरस फुटांच्या छपरावरून पावसाळ्यात चाळीस-पन्नास हजार लिटर पाणी सहज मिळतं.

जुना वाडा पाडू की ठेवू?

पाडायच्या आधी एकदा आम्हाला दाखवा. बघण्याचे पैसे घेत नाही.

कोणती कामं नाकारता?

आरसीसीच्या सांगाड्याला वरून मातीचा ‘लूक’ द्यायची. आणि डोंगरउतारावर जेसीबी लावून सपाटी काढायची, मग ती फार्महाऊससाठी असो की रिसॉर्टसाठी. दरडीखाली गेलेल्या वस्त्या आठवा: माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३. तिन्ही ठिकाणची कारणं तज्ज्ञ वेगवेगळी सांगतील, पण ही नावं मनात असताना पावसाळी डोंगराचा पाय कापण्याच्या कागदावर आमच्याने सही होत नाही.

फी कशी घेता?

टक्केवारीने घेत नाही. बांधकामाचा खर्च वाढला की आमची फी वाढणार असेल, तर काटकसरीचा सल्ला आम्ही मनापासून कसा देणार? टप्प्यांप्रमाणे ठरलेली रक्कम असते, आधी लिहून दिलेली.

मी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी आहे. शिकायला येऊ का?

या. पहिले तीन आठवडे कॉम्प्युटर मिळणार नाही, मिस्त्रींच्या हाताखाली काम असेल. स्टायपेंड पहिल्या दिवसापासून मिळतो, कारण फुकट राबवून घेणं आम्हाला मान्य नाही.

पहिल्या भेटीला येताना काय आणू?

सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. प्लॉटचे ऐन पावसातले फोटो, असतील तर. जागेवर दोन फूट खणून काढलेली पायलीभर माती, पिशवीत घालून, वरची नको. आणि जमलं तर घरातलं किंवा शेजारचं एक वयस्क माणूस सोबत आणा, ज्याला त्या जागेवर पूर्वी काय होतं आणि पाणी कुठून वाहत जायचं हे आठवतं.